कुटाराखालच्या सात बिया

मी एक जुनी खुरपी आहे, मित्रांनो. पांढरकवड्याच्या लोहाराने मला ट्रकच्या तुटक्या पाट्यातून घडवलं. रस्तोरस्ती धावलेलं लोखंड ते! स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही. बंजारा तांड्यावरच्या भुरीबाईंच्या परसबागेत मी वीस वर्षं राबले. "हे माहं सहावं बोट हाये," असं त्या म्हणत, तेव्हा मी फुलून जात असे.

यंदा त्यांच्या सुनेनं, रंजितानं, मोबाइलवर पाहून बागेची रीतच बदलली. माती उकरायची नाही, सोयाबीनच्या कुटाराने, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाने, झाकून ठेवायची. वाफे खरोखरच ओले राहू लागले. मी मात्र खुंटीवर! मला तिचा रागच आला, खोटं कशाला बोलू?

होळीला भुरीबाई तान्ह्या नातवाच्या धुंडीसाठी, म्हणजे होळीतल्या बाळाच्या विधीसाठी, लेकीच्या तांड्यावर निघाल्या. जाताना त्यांनी सुनेच्या हातावर वाळकाच्या, म्हणजे गावरान काकडीच्या, बिया ठेवल्या. "सातच उरल्या, माह्या मायच्या तांड्यावरच्या. ह्या गेल्या, त बाजारात भेटत नाई."

रंजितानं त्या जीव लावून पेरल्या आणि ऊन लागू नये म्हणून वर वीतभर कुटार दाबलं. अति तिथं माती! उजेडच नाही, तर कोंब वर येणार कुठून? चौथा दिवस गेला, सहावा गेला. मी खुंटीला टांगलेली आणि जीवही टांगणीला. ती रोज पाणी घालायची, वाकून बघायची. वारा आला की मी भिंतीवर खडखड करायचे. ऐकतं कोण?

आठव्या दिवशी भुरीबाई परतल्या.

"याडी, एकबी उगवली नाई," रंजिता रडकुंडीला आली. सासूला ती गोरबोलीत आईच म्हणते. "म्या त काहीच कमी केलं नाई."

"कमी नाई माय, जास्त केलं तू." भुरीबाईंनी मला खुंटीवरून ओढलं. माती न उकरता माझ्या टोकानं त्यांनी हळूहळू कुटार सारलं. पिवळे, वाकडे कोंब दिसले. चार जिवंत होते. तीन बिया कुजल्या होत्या.

"कुटार वाईट नाई. कोंब वर येऊ दे, मंग बुडाशी ओढ," असं म्हणून त्यांनी मला रंजिताच्या हाती दिलं. तिनं आधी मला उलटंच धरलं. पण हात मऊ होता, माझा राग कुठल्या कुठे गेला.

मित्रांनो, नवी रीत जरूर शिका. पण मायेनं झाकलेलंही अधूनमधून उघडून बघत जा आणि आम्हां जुन्या अवजारांना हाताशी ठेवा. मी त्या वाफ्यात दोन दिवस आधी पोचले असते, तर कदाचित पाच कोंब जगले असते. हा विचार मला अजून स्वस्थ बसू देत नाही.