बाहुलीच्या पोटात

थोरलीने पंचाहत्तरी ओलांडली होती आणि धाकटी तिच्या मागोमाग. दोघी विधवा बहिणी एका घरात, एका चुलीवर गुण्यागोविंदाने राहत होत्या. त्या सकाळी संग्रहालयातली मुलगी आली आणि सगळं बिघडलं.

मुलीला जुन्या काळची, घरी केलेली खेळणी हवी होती. थोरलीने पत्र्याच्या पेटीतून चिंधीची बाहुली काढली. एक डोळा बटणाचा, दुसऱ्याच्या जागी नुसता लोंबता दोरा.

"कित्ती गोड!" मुलगी म्हणाली आणि चित्रण करायला तिने फोन समोर धरला. "आजी, तेव्हाची मुलं कशी सगळं वाटून घ्यायची, त्यावर थोडं बोला ना. भांडण नाही, हट्ट नाही..."

"आमच्यात कधी शब्दाने शब्द वाढला नाही," थोरली म्हणाली.

"कधीच नाही," धाकटीने मान डोलावली.

"मग बाहुलीखालच्या पाटीवर नाव कुणाचं घालू? केली कुणी ही?"

"मी!" दोघी म्हणाल्या.

थोरलीचं नाव आजवर कुठे लागलं नव्हतं. दारावर आधी नवऱ्याचं होतं, आता मुलाचं. काचेच्या कपाटात आपलं नाव, ही कल्पना ती लिमलेटच्या गोळीसारखी घोळवत होती, आणि ही बया ती तोंडातून काढून घ्यायला निघाली होती.

"तुला तेव्हा स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं, म्हणे मी केली!"

"आणि तुला सुईत दोरा ओवता येत नव्हता, ताई. अजूनही येत नाही."

"मग सांग, आत काय भरलंय?"

"केस. फणीवरचे केस मी साठवून ठेवले होते."

"भुसा आहे भुसा! सुताराकडून मी ओच्यात भरून आणला होता. आण कात्री."

"नको, आजी!" मुलगी किंचाळली. "जुन्या वस्तूला असं..."

"बाहुली आमची आहे. तू बस."

पोटाची शिवण उसवली. केस निघाले नाहीत, भुसाही नाही. निघाली कातरणं. निळ्या रेघांची, पांढरी, खळ घातलेली. आणि बाहुलीच्या पाठीला आधार म्हणून, कॉलरमध्ये घालतात त्या कडक कापडाची पट्टी.

"हे तर आईचं काम," धाकटी पुटपुटली.

आई घरी बसून एका शिंप्याच्या कॉलरी शिवायची. शिंपी महाकंजूष. कापड तोलून द्यायचा आणि उरलेली कातरणंसुद्धा तोलून परत घ्यायचा. एकदा थोरलीने त्याच्या दुकानातून बटण खिशात टाकलं, तर आईने तिला बदडत दुकानापर्यंत नेलं होतं. आणि इथे त्याच शिंप्याच्या रेघा पोटभर!

आता दोघींना आठवलं. लहानपणी एकदा दोघींच्या ओढाताणीत बाहुलीचं मुंडकं एकीच्या हातात आणि पाय दुसरीच्या हातात आले होते. भुसा आणि केस, दोन्ही घरभर झालं होतं. "जाळून टाकते मेलीला," म्हणत आईने तुकडे उचलले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहुली धडधाकट होऊन उशाशी पडली होती. तेव्हा दोघींची ठाम समजूत झाली की आपण ओढलं त्यात फारसं काही फाटलंच नव्हतं. इतक्या वर्षांत ती समजूत तपासावीशी कुणाला वाटली नाही.

"मग आईंचं नाव घालू का?" मुलीने भीतभीत विचारलं.

थोरलीने दाराकडे पाहिलं. आईचं नाव तर दारावरच काय, कुठेच नव्हतं.

"घाल," ती म्हणाली.

"आणि खाली लिही, धाकट्या मुलीसाठी केलेली," धाकटी म्हणाली.

"का म्हणून? उशाशी माझ्या होती!"

"आपल्याला उशी एकच होती, ताई!"

फोन अजून सुरूच होता. मुलीने तो हळूच खाली ठेवला, पेन काढलं आणि विषय बदलण्यासाठी म्हणाली, "कुणासाठी ते राहू दे. साहित्याच्या जागी 'टाकाऊ कापड' लिहिते."

"टाकाऊ?" थोरली कडाडली. "चोरलेलं आहे ते! आमच्या आईने चोरलंय!"

"शिंप्याच्या डोळ्यांदेखत," धाकटी म्हणाली.

आईबद्दल इतक्या अभिमानाने दोघी आजवर कधी बोलल्या नव्हत्या.