नीलम्माचं कागदावरचं वय

बायको नवऱ्याहून दोन वर्षांनी थोरली, ही गोष्ट सास्तूरच्या पारावर चघळायला लई बरी होती. महालिंगप्पा चारचौघांत हसून घ्यायचा, पण आतून जळायचा. त्र्याण्णवच्या भूकंपात घरं गेली, माणसं गेली, कागदपत्रंही गेली. पत्र्याच्या शेडात नवी कार्डं लिहायला कारकून आला, तेव्हा गड्यानं डाव साधला. स्वतःचं वय खरं सांगितलं आणि बायकोला आपल्याहून दहा वर्षांनी धाकटी करून टाकलं.

नीलम्मा म्हणायची, "भूकंपानं मला तरणी केली." वीस वर्षं घरात ही थट्टा चालली.

पुढं भाच्यांनी माहेरचं रान विकलं आणि तिच्या हिश्श्याचे अडीच लाख आले. तेव्हा बँकेत महागाईचे सरकारी रोखे निघाले होते. बाजारात भाव चढले की व्याजही चढणार, आणि दहा वर्षांनी सगळं एकदम हातात येणार. तेला-डाळीचे भाव नीलम्माइतके कुणाला ठाऊक? तिला ते पटलं. सगळे पैसे तिनं त्यातच घातले आणि वारस म्हणून नवऱ्याचं नाव लावलं.

सव्वा वर्षातच तिच्या हृदयाची झडप निकामी झाली. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिन्यांत ऑपरेशन करा, दोन लाख तरी लागतील. महालिंगप्पा रोख्यांचा कागद घेऊन बँकेत पळाला.

बँकेतल्या हर्षालीबाई भल्या होत्या. त्यांनी नियम समजावून सांगितला. पासष्ट पूर्ण झालेल्याला वर्षानंतर रोखे मोडता येतात, थोडं व्याज कापून. बाकीच्यांना तीन वर्षं थांबावं लागतं. आणि नीलम्मा कागदावर छप्पन्नची.

"बाई, म्या खोटं सांगितलं व्हतं," महालिंगप्पा म्हणाला. "ती अडुसष्टची हाय. लाजंपायी केलं म्या."

बाई पुरावा आणा म्हणाल्या. पुरावा आणायचा कुठून? शाळा तिनं पाहिली नव्हती. तिचा जन्म आठवणारी माणसं एका पहाटेत ढिगाऱ्याखाली गेली होती. त्यानं तहसीलचे उंबरे झिजवले, प्रतिज्ञापत्र केलं. रोख्यांवर कर्ज मागितलं, तर तो अर्ज वरच्या कचेरीत जाऊन बसला. सोयऱ्यांनी मिळून साठ हजार जमवले, त्याच्या पुढं काही हलेना.

आडवं झालं की नीलम्माला धाप लागायची, म्हणून ती भिंतीला टेकून बसलेली असायची. नवऱ्याला तिनं बोल लावला नाही. एकदाच म्हणाली, "तवा मला तरी इचारायचं व्हतं."

श्रावणात ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावरही छप्पन्नच लागलं. साठीसुद्धा पाहिली नाही बिचारीनं, म्हणून माणसं हळहळली. महालिंगप्पाला कुणाच्या तोंडाकडं बघवेना.

महिन्याभरानं तो दाखला घेऊन बँकेत गेला. वारस म्हणून रोखे त्याच्या नावावर करायचे होते. हर्षालीबाईंनी त्याचं कार्ड हातात घेतलं, जन्मसाल वाचलं, आणि त्यांची मान खाली गेली.

"काका, तुम्हाला सहासष्ट झालीत," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या नावावर झाले की हे रोखे लगेच मोडता येतील."

त्यांनी अर्ज पुढं सरकवला. महालिंगप्पानं पेन घेतलं, नाव लिहिलं, आणि वयाच्या रकान्यापाशी त्याचा हात थांबला.

"माझं तेवढं खरं सांगितलं व्हतं म्या," तो म्हणाला, आणि तिथंच काउंटरवर डोकं टेकून रडायला लागला.