पास्ता पहिल्या गिअरमध्ये

ऐक ना, आधी फक्त ऐक, मधे हसायचं नाही. भांड्यांचं ते मोठं दुकान. दुसरा मजला. आमचे बाबा काउंटरपुढच्या स्टुलावर बसलेत, समोर पास्ता करायची दोन मशिनं. दुकानातली मुलगी घाम पुसत हँडल फिरवतेय आणि बाबा तिला ओरडून सांगतायत, "आरशात बघा! आधी आरशात बघा!"

आता पास्त्याच्या मशीनला कुठून आला आरसा?

थांब, नीट सांगते. आमच्या बाबांना सगळे ब्रेक मास्तर म्हणतात हे तर तुला ठाऊकच आहे. अर्ध्या गावाला गाडी त्यांनी शिकवलीये. जन्मभर शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसले, पायाखाली तो जादा ब्रेक. शिकणारा चुकला की यांनी दाबायचा. आता क्लास बंद केला, कारण डोळे. डॉक्टरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येईना, तर म्हणाले, "छपाई चुकलीये." पण पाय काही रिटायर व्हायला तयार नाही! दूध उतू जायला लागलं की उजवा पाय खाली. टीव्हीवर कुणी प्रेमात पडायला लागलं की पाय खाली. न्हाव्याने कानाजवळ कात्री नेली की पाय खाली. न्हावी म्हणतो, "मास्तर, माझी खुर्ची मोडेल हो." घरी त्यांच्या खुर्चीपुढची एक फरशी तेवढी गुळगुळीत झालीये.

आणि मी जेवताना सांगितलं ना, मला लांब नोकरी लागलीये, सोमवारी निघायचंय, तेव्हा पाय असा दाबला की आमटीची वाटी हलली. जेवण संपेपर्यंत उचललाच नाही. शेवटी हात धुताना एवढंच म्हणाले, "वळायच्या आधी इंडिकेटर द्यायचा असतो गं."

आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मला वाटलं, जायच्या आधी यांचा जीव कशात तरी रमवून द्यावा. आणि यांना वेड पास्त्याचं. लायसन मिळाल्याच्या आनंदात एका बाईंनी यांना ताज्या पास्त्याचा डबा आणून दिला होता, तेव्हापासून पाकिटातला पास्ता म्हणजे यांच्या मते रबरी नळी. मग म्हटलं, मशीनच घेऊ. विजेवरचं. पीठ टाका, बटण दाबा, खाली ताट धरा. सोपं!

दुकानातल्या मुलीने पण तेच दाखवलं. चुणचुणीत होती अगदी. म्हणाली, "काका, इथे अंडं आणि पीठ टाकायचं, बटण दाबायचं आणि विसरून जायचं."

"विसरून जायचं?" बाबांनी तिच्याकडे असं बघितलं जसं काही ती घाटात डोळे मिटून गाडी चालवा म्हणाली. "आणि मी काय करायचं?"

"तुम्ही आराम करा ना, काका."

"आराम करूनच दमलोय."

मग तिने दुसरं काढलं. हाताने फिरवायचं, चकचकीत, टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचं. दोन रूळ, त्यातून कणकेचा गोळा घालायचा आणि पोळीसारखा लांबच लांब पट्टा बाहेर. आणि बाजूला एक चकती. तिच्यावर आकडे, एक, दोन, तीन... आकडा वाढला की पट्टा पातळ.

बाबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"अगं," ते मला म्हणाले, आवाजच बदलला त्यांचा, "याला गिअर आहेत!"

झालं! म्हणाले, "ताई, बसा." ती बिचारी उभीच होती, बसणार कुठे. "हात हँडलवर. खांदे सैल. आरशात बघा. हं, आता पहिला टाका. हळू... रस्ता मोकळा आहे, आपल्याला कुठेही पोचायचं नाहीये."

मुलगी घाबरली ना, तिने दुसऱ्यावरून चकती थेट सहाव्यावर नेली. पट्ट्याच्या चिंध्या!

"पडली बंद!" बाबांना एवढा आनंद झालेला मी कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. "रडू नका. सगळ्यांची पडते. माझ्या मुलीची गाडी तर देवळासमोर बंद पडली होती, आतली माणसं बाहेर आली. परत गोळा करा, परत पहिल्यापासून."

"बाबा, माझं कशाला मधे?"

"तू लक्ष समोर ठेव."

आणि मग जमलं गं! दुसरा, तिसरा, चौथा... पट्टा येतोय, बाबा दोन्ही तळवे पुढे करून त्याला झेलतायत आणि चाललंय, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे, डावीकडे जरा, येऊ दे... बास!" आणि धाडकन पाय काउंटरच्या फळीवर. वरचे सगळे डाव खणखणले. माणसं जमली. एक गृहस्थ तवा घ्यायला आले होते, ते काखेत तवा धरून म्हणतात, "मास्तर, मी फिरवू का एकदा?" बाबा म्हणाले, "रांगेत या. आणि चप्पल नीट घाला, घसरेल."

मला हसू येत होतं, पण सोमवार काही डोक्यातून जात नव्हता. मी त्यांना हळूच म्हटलं, "बाबा, हे एकट्याला जमत नाही. एका हाताने हँडल, एका हाताने कणीक सरकवायची, एकाने खाली धरायचं. तीन हात लागतात."

"बघतोय ना मी."

"मग विजेवरचंच घेऊ या. त्यात दुसरं माणूस लागत नाही."

"तोच तर त्याचा दोष आहे."

"अहो, पण मी गेल्यावर हँडल कोण फिरवणार?"

ते त्या पट्ट्याची घडी घालत होते, हातरुमालाची घालावी तशी. "येईल कुणीतरी. वरच्या मजल्यावरच्या वहिनी येतील, तो तवावाला येईल. माणसं शिकायला येतातच. शिकली की जातात आपापली. हात पण न करता जातात काही काही. धंदाच तो आमचा. वाईट कधी वाटायचं? शिकून पण कुणी जाग्यावरच बसून राहिलं तर."

तवावाल्या गृहस्थांनी चप्पल नीट घातली. मग ती मुलगी दोन्ही खोकी घेऊन आली. "ताई, कुठलं बांधू?"

मी बाबांकडे बघितलं. ते खांदे उडवून म्हणाले, "स्टिअरिंग तुझ्या हातात आहे बाई. मी शेजारी बसलोय फक्त."

चेहऱ्यावर हसू, अगदी लांबपर्यंत. पण मी काय बाबांचा चेहरा बघून मोठी झाले का गं? मी खाली बघितलं, पायाकडे. म्हटलं, आता फळी मोडणार.

तर पाय पुढे नव्हताच. दोन्ही पाय स्टुलाखाली मागे ओढून घेतलेले, एकमेकांत घट्ट अडकवून ठेवलेले. लहान मुलं नाही का बसत, कुणी सांगितलं की शहाण्यासारखं बस म्हणून, तसे.

मी म्हटलं, "हँडलवालं द्या." दोनदा म्हणावं लागलं.

आता ते टेबलाच्या कडेला घट्ट आवळलंय. हँडल माझ्या खुर्चीच्या बाजूला. दुसऱ्या बाजूला लावू का म्हटलं, तर म्हणाले, राहू दे. आणि परवा सोमवार.

चुकलं का गं माझं? सांग ना. तू काय केलं असतंस?