पॉलिश पेपर मारलेली गोळी

झोपेची गोळी मला नवऱ्यापेक्षा जवळची झाली होती, असं हे थट्टेने म्हणायचे. थट्टा खोटी नव्हती. एका दुपारी तान्ही नात शेजारी रडून रडून लालबुंद झाली आणि मी गोळीच्या गुंगीत ढिम्म. तेव्हापासून लेक तिला माझ्यापाशी झोपवेनाशी झाली. नुसती उचलून न्यायची. ते मला फार लागलं. म्हणून गोळी सोडायची ठरवली.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, एकदम बंद करायची नाही. थोडी थोडी कमी करायची. पाऊण गोळीवर मी बरी होते. अर्धीवर आले आणि सगळं फिसकटलं. हात थरथरायचे, छातीत धडधडायचं, भांडं पडलं तरी रडू यायचं. पार थकले. माझ्याच्याने हे होणार नाही, एवढं सांगायलाच आम्ही दवाखान्यात गेलो.

बाईंनी डबीतला अर्धा तुकडा बोटांत फिरवला. "हा इतका गुळगुळीत कसा?"

हे खुलले. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, खडबडीत कड दिसली की यांचे हात शिवशिवतात. "अर्धी केल्यापासून हिला घशात टोचायचं. मग मीच रोज पॉलिश पेपर मारतो."

बाईंनी चष्मा काढला. "काका, ती पूड म्हणजे औषधच की. अर्धीची पाव करून ठेवलीत."

यांचा चेहरा उतरला. मला हसूही आलं आणि रागही. इतके दिवस मी स्वतःलाच बोल लावत होते, आणि हा माणूस प्रेमाने माझी गोळी घासत बसला होता.

"पुन्हा पाऊणवर जा," बाई मला म्हणाल्या. "यात हार वगैरे काही नाही. अंग स्थिरावलं की मला भेटा, मग तिथून थोडी थोडी कमी करत उतरू. आणि काका, नुसती कापायची."

स्थिरावायला वेळ लागला. हे आता तुकडा तसाच माझ्या हातावर ठेवतात आणि तोंड फिरवतात. ती कड त्यांना बघवत नाही. घशाला टोचते, पण मी गिळते.

काल दुपारी लेकीने नातीला माझ्याशेजारी आणून ठेवलं आणि दार उघडं टाकून भांडी घासायला गेली. माझा डोळा लागला. नात कुरकुरली तशी मी उठले, तिला खांद्यावर घेतलं. वळून बघते तर लेक ओल्या हातांनी दारात उभी.

तिने हात पुढे केले नाहीत. "थोपट जरा, झोपेल," म्हणाली आणि परत भांड्यांकडे गेली.