मनुबाईच्या पोटातला मस

नळीला डोळा लावून मनुबाईच्या पोटात डोकावणारे डॉक्टर एकाएकी थबकले आणि त्यांनी नळी हलक्या हाताने तिच्या तोंडातून बाहेर काढून घेतली.

“मावशी, उपाशीपोटी यायला सांगितलं होतं ना? आत पांढरं दिसतंय.”

“दही-साखर व्हती. चमचाभर.”

“चमचाभर?”

“वाटीभर,” मनुबाईने कबूल केले. “निघताना ह्यांनीच हातावर घातली. न्हाई कसं म्हनायचं?”

कोपऱ्यात उभ्या असलेल्या नानासोंनी मान खाली घातली. लष्करातून हवालदार होऊन परतलेला माणूस, एरवी शब्दाशब्दाला बायकोवर खेकसणारा. चांगल्या कामाला निघताना हातावर दही घालतात एवढे त्यांना पक्के ठाऊक. दही म्हणजेही खाणेच, हे काही डोक्यात आले नाही.

डॉक्टर हसले. “उद्या या. आणि हवालदारसाहेब, उद्या देवाचं तीर्थसुद्धा नको.”

अठ्ठ्याहत्तर साल ते. पोटात नळी घालून बघतात हे त्यांच्या औंध गावात कुणी ऐकलेही नव्हते. मनुबाईच्या जठरात देठ असलेला एक मस, म्हणजे मांसाचा कोंभ, होता. पंधरा दिवसांपूर्वी मिरजेच्या याच दवाखान्यात त्याचा कण काढून तपासला, तर शेंड्याला कॅन्सर निघाला. पण अगदी सुरुवातीचा. आता नळीतून तारेचा फास टाकून मस देठातून कापायचा. देठ स्वच्छ, म्हणजे कॅन्सरविना, निघाला तर सुटलो, नाहीतर पोट उघडायचे. नानासोंनी बायकोला सांगितले होते, साधी जखम आहे. खरे कळले तर ती हाय खाईल, अशी त्यांना धास्ती.

दुसऱ्या दिवशी मस निघाला आणि तपासणीला गेला. डॉक्टरांनी नानासोंनाही नळीला डोळा लावू दिला. गुलाबी, ओल्या घड्यांत चिंचोक्याएवढी कापलेली जागा दिसली. दुर्बिणीतून त्यांनी सरहद्दीपलीकडचे डोंगर न्याहाळले होते, पण इतके निरखून कधी नाही.

मग आठ दिवस गावच्या यमाईदेवीचा धावा. नवव्या दिवशी दोघे रिपोर्टाला आले. मनुबाई व्हरांड्यातल्या बाकावर टेकली, नानासो एकटेच आत गेले.

“देठ स्वच्छ आहे,” डॉक्टर म्हणाले. “पोट उघडायची गरज नाही. तीन महिन्यांनी पुन्हा नळीने बघू.”

नानासोंना त्यांना मिठीच मारावीशी वाटली. त्यांनी खाडकन सॅल्यूट ठोकला आणि बाहेर धाव घेतली.

“जखम बरी झाली गं!”

“कॅन्सर गेला म्हना की.”

“तुला कुनी सांगितलं?”

“सांगाय कशाला पायजे? तीन आठवडं झालं, तुमी माज्यावर एकदाबी खेकसला न्हाईसा. आमटीत मीठ इसरलं, तरी झ्याक झालीया म्हनून वरपलीसा. तवाच वळखलं, दुखनं मोठं हाय.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुमी हाय खाल्ली असती की.”

नानासोंचे डोळे भरून आले. तोंड फिरवून त्यांनी टोपीने ते पुसले, खाकरून घसा साफ केला आणि सारा व्हरांडा वळून बघेल असे गरजले, “मग बसलीस काय अशी? ऊठ! यष्टी काय तुज्या बापाची हाय व्हय?”

मनुबाई खुदकन हसली आणि लगोलग उठली.