पहिली टोपली

बाघपेठ नगरपालिकेच्या त्या दिवशीच्या सभेत सात विषय होते. पहिला विषय वेशीवरच्या पक्क्या कमानीचा, कारण पुढच्या वर्षी मंत्री येणार होते. चौथा कोंडवाड्याच्या कुंपणाचा. आग विझवणाऱ्या बंबखान्याचा विषय सातवा, म्हणजे चहा पिऊन झाल्यावर, सदस्य टोप्या सावरत उठायच्या बेतात असताना घ्यायचा. आणि त्यातही गंमत अशी, की बंबखान्याने मागितलं होतं धुरात घालायचं नवं सामान, अन् कागदावर लिहिलं होतं ‘सरकारी मुखवटे खराब केल्याबद्दल जमादार खेमराज यांचा खुलासा’. याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी.

खेमराज दारापाशी उभा होता, काखेत गोणपाटाची गुंडाळी धरून. बंबखान्यात नऊ वर्षं काढलेला माणूस, पण नगरपालिकेच्या सभागृहात दसऱ्याचा प्रसाद वाटण्यापलीकडे कधी शिरलेला नव्हता. गुंडाळीत ते दोन मुखवटे होते. काळ्या रबराचे, डोळ्यांना काचा लावलेले, आणि तोंडापासून निघून छातीवरच्या पत्र्याच्या डब्यापर्यंत गेलेली वळीवळीची नळी. सारा गाव त्यांना सोंड म्हणायचा. धुरातला विषार डब्यात अडायचा आणि नळीतून माणसाला चांगली हवा मिळायची, असा त्याचा हिशेब. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या उरल्यासुरल्या मालाचा लिलाव झाला, त्यात नगरपालिकेने ते स्वस्तात उचलले होते.

ते आले त्या दिवशी नगरपालिकेचे मोठे बाबू, म्हणजे मुख्य कारकून, श्यामलाल यांनी पेटी उघडली. आतला छापील कागद आपल्या कपाटात ठेवला आणि सोंडा खेमराजच्या हातात दिल्या. “सांभाळून ठेव. चकचकीत राहिल्या पाहिजेत,” एवढंच त्यांनी सांगितलं.

आता खेमराज कोहळी समाजातला पोर, अर्जुनी मोरगावकडचा. त्याच्या पूर्वजांनी तलाव बांधले, बापाने बैलांचे पट्टे आणि पायताणं मोहाच्या बियांचं तेल चोळून वीस-वीस वर्षं टिकवली. चामडं तेल पितं आणि जगतं, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. रबर त्याने पहिल्यांदा हातात धरलं ते त्या दिवशी. मऊ, काळं, चामड्यासारखं. दर दसऱ्याला बंब धुवायचा, झेंडूची माळ घालायची, आणि दोन्ही सोंडांना बोटाबोटाने तेल जिरवायचं, हा त्याने स्वतःला लावून घेतलेला नेम. सोंडा अशा चमकायच्या की त्यात तोंड पाहावं. नगरपालिकेचे अध्यक्ष घनश्यामजी दरवर्षी नारळ फोडायला यायचे, सोंडेला हळदकुंकू लावायचे, हाताला लागलेलं तेल धोतराला पुसत म्हणायचे, “वा खेमराज, घर का सामान भी कोई ऐसे नहीं रखता.” नऊ दसरे हेच झालं. नऊ नारळ फुटले.

तेल रबराला खातं, हे त्या नऊ वर्षांत कोणीही बोललं नाही.

गेल्या वैशाखात, ऐन दुपारी, आमगाव रस्त्यावरचं बिडीच्या तेंदूपत्त्याचं गोदाम पेटलं. पत्ता जळतो कमी आणि धुमसतो फार. आत चौकीदार अडकलेला. खेमराजचा जोडीदार सुकराम पुढे झाला, कारण नेहमी तोच पुढे व्हायचा. खेमराजने आपल्या हाताने त्याच्या डोक्यामागे पट्टे आवळले, डबा छातीशी बसवला आणि पाठीवर थाप मारली. सुकरामने चौकीदाराला खांद्यावर घालून बाहेर आणलं खरं, पण दारातच गुडघ्यावर आला. सोंड काढली तर नळी डब्याच्या तोंडाशी लोण्यासारखी होऊन फाटलेली. चौकीदार खिडकीच्या फटीला तोंड लावून होता, तो आठ दिवसांत कामावर गेला. सुकराम मात्र त्या दिवसापासून चार पावलं चालला की भिंत धरायचा. पस्तिशीचा गडी, पोत्यासारखी माणसं उचलणारा, आता बंबखान्यासमोरच्या बाकावर बसून श्वास मोजायचा.

येत्या चैत्रापासून गोदामं पुन्हा पत्त्याने भरणार होती. खेमराजने तीन अर्ज दिले. नव्या सोंडा नसतील तर पुढच्या धुरात मी माणूस धाडणार नाही, आणि माणूस धाडला नाही तर आतला मरेल, एवढं साधं त्यात लिहून घेतलं होतं. तिन्ही अर्जांचं उत्तर म्हणजे हा सातवा विषय.

श्यामलाल बाबू उठले. त्यांच्या हातात पिवळा पडलेला छापील कागद होता. नऊ वर्षांनी तो कपाटातून बाहेर आला, आणि तो कशासाठी, तर बघा.

“हा कंपनीचा कागद आहे, इंग्रजी,” बाबू म्हणाले. “यात स्पष्ट लिहिलंय, रबराला कोणत्याही प्रकारचं तेल लावू नये, लावल्यास रबर कुजतं. जमादाराने नऊ वर्षं तेल लावलं. सामान त्याने नासवलं. नवं सामान नगरपालिकेने का घ्यावं? उलट जुन्याची भरपाई त्याच्याकडून घ्यावी, असं माझं टिपण आहे.”

खेमराजच्या कानशिलात कोणीतरी भडकावल्यासारखं झालं. कागद होता. कागदावर लिहिलेलं होतं. आणि सुकरामच्या छातीत धूर गेला तो आपल्या बोटांनी, आपल्या तेलाने. क्षणभर त्याला सभागृह दिसेना, दिसला तो सुकरामच्या डोक्यामागे पट्टे आवळणारा स्वतःचा हात.

“काऊन तेल लावलं? कोणी सांगतलं होतं?” एका सदस्याने विचारलं.

“कोणी नाही सांगतलं,” खेमराज म्हणाला.

“म्हणजे स्वतःच्या डोक्याने,” बाबू म्हणाले आणि लिहून घेऊ लागले.

घनश्यामजींनी हात हलवला. “देखो खेमराज, आमचा तुझ्यावर राग नाही. पण चूक ती चूक. सहा महिने थोडा थोडा पगार कटेल. आणि मुखवट्यांचं पुढच्या साली पाहू. या साली कमानीचं काम आहे.” लोक खुर्च्या मागे सारू लागले.

नऊ नारळ फोडणाऱ्या त्या हाताकडे खेमराज बघत राहिला. आणि मग त्याला राग आला. असा तसा नाही, तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने गुंडाळी टेबलावर आपटून उलगडली. हळदकुंकवाचे डाग अजून सोंडेच्या कपाळावर होते.

“बसा,” तो म्हणाला. जमादाराने सदस्यांना बसा म्हणावं, हे बाघपेठेत कधी झालं नव्हतं. त्या नवलानेच लोक बसले.

“आमच्या गावी तलाव हाय. माह्या आज्याच्या आज्यानं बांधलेला. त्याची मातीची पाळ फुटली तर आम्ही पंचायत भरवत नाही. ज्याच्या पहाऱ्यात फुटली तो काही न बोलता पहिली टोपली माती टाकते. कोणी त्याले शिवी देत नाही, अन् तोही नाही कुरकुरत. माह्या पहाऱ्यात फुटली. तेल मीच लावलं. सुकरामची छाती माह्या हातानं गेली, अन् ते मी मरेपर्यंत इसरणार नाही. पगार कापा, सहा महिने कायले, बारा महिने कापा. ही पहिली टोपली माही.”

पंख्याची दोरी ओढणारा माणूसही थांबला होता.

“पण आमच्या गावी दुसरी टोपली मालगुजाराची, गावच्या जमीनदाराची असते. तलावाचं पाणी सगळ्यात जास्त तोच पिते ना, म्हून. त्यानं टाकल्याबिगर तिसरी कोणी टाकत नाही. मले सांगा, इथली दुसरी टोपली कोणाची?”

घनश्यामजी टोपी काढून आत पाहू लागले, जणू उत्तर तिथे ठेवलं होतं.

“तो कागद जरा इकडे द्या,” शकुंतलाबाई म्हणाल्या. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका, याच वर्षी निवडून आलेल्या एकट्या बाई सदस्य. आतापर्यंत त्यांना कोणी बोलू दिलं नव्हतं आणि त्यांनीही आग्रह धरला नव्हता. बाबूंनी कागद देताना जरा वेळ लावला, म्हणून त्यांनी तो ओढूनच घेतला. चष्मा लावला, बोट फिरवलं.

“श्यामलालजी, तुम्ही एकच ओळ वाचली. त्याच्या खालची ओळ अशी आहे. ‘डबा एकदा उघडल्यावर, वापरला असो वा नसो, वर्षाने बदलावा. जुना डबा धूर अडवत नाही.’ नऊ वर्षांत किती डबे बदलले?”

“तशी मागणी आली नव्हती,” बाबू म्हणाले.

“मागणी कोण करणार? कागद तुमच्या कपाटात. तेल लावलं नसतं, नळी शाबूत राहिली असती, तरी सुकरामच्या छातीत धूरच गेला असता. हे ज्याला वाचता येत नव्हतं त्याचा पगार तुम्ही कापता, आणि ज्याने वाचून कपाटात ठेवलं तो टिपण लिहितो?”

“कागदात काय, कंपन्या खपासाठी काहीही लिहितात,” घनश्यामजी म्हणाले. “डबा अजून चांगलाच दिसतो.”

बस, एवढंच बाकी होतं. खेमराजने दोनांपैकी न फाटलेली सोंड उचलली आणि अध्यक्षांच्या पुढ्यात धरली. “मग घाला. नऊ वर्षं तुम्हीच तं तारीफ करून राहिले होते. चहाची शेगडी इथं आणून मूठभर मिरच्या टाकतो, खिडक्या लावतो. पाच मिनिटं बसा. चांगली निघाली तं मी नोकरी सोडून घरी जातो.”

घनश्यामजींनी खुर्ची मागे सरकवली. खेमराजने सोंड बाबूंपुढे धरली. बाबू कागद आवरू लागले. मग एकेका सदस्यापुढे. त्या तेलकट, कुंकू लागलेल्या रबराला हात लावायलाही कोणी धजेना. सुकराम तर ती घालून आगीत गेला होता.

“माझी सूचना,” शकुंतलाबाई म्हणाल्या, “कमान थोडी बुटकी करा, वाचलेल्या पैशांत सोंडा घ्या. मंत्री काही हत्तीवरून येत नाहीत.”

कोणीतरी हसलं, आणि हसला त्यालाच लाज वाटून त्याने आधी हात वर केला. मग दुसऱ्याने. शेवटी घनश्यामजींनीही केला, पण तो असा, की जणू माशी हाकलत होते.

विषय मंजूर झाला. न्याय झाला असं समजू नका. खेमराजचा पगार सहा महिने कापला गेलाच, कारण टिपण आधीच लिहून झालं होतं आणि लिहिलेलं खोडायची तिथे रीत नव्हती. कमानही उभी राहिली, दोन हात बुटकी. श्यामलाल बाबूंच्या केसालाही धक्का लागला नाही.

फाल्गुनात नव्या सोंडा आल्या. चार. आणि वर्षभर पुरतील असे सीलबंद डबे. श्यामलाल बाबू स्वतः पेटी उघडायला बंबखान्यात आले. त्यांनी वरचा छापील कागद उचलला, सवयीने घडी घातली आणि खिशाकडे हात नेला. खेमराजने त्यांचं मनगट धरलं.

“वाचा.”

“ऑफिसात जाऊन भाषांतर करून पाठवतो.”

“इथंच वाचा. सगळा. मराठीत.”

बाबूंनी आजूबाजूला पाहिलं. बंबखान्याचे आठही गडी उभे होते. बाकावर सुकराम भिंतीला टेकून बसला होता. बाबू वाचू लागले. अडखळत, एकेका ओळीचा अर्थ लावत. खेमराजने एकही ओळ सोडू दिली नाही. डबा केव्हा बदलावा, पट्टे कसे बांधावे, उन्हात ठेवू नये. मग ती ओळ आली. बाबूंचा आवाज खाली गेला.

“रबराला तेल लावू नये.”

“थांबा,” सुकराम म्हणाला. बोलण्याआधी त्याला श्वास गोळा करावा लागला. “ते पुन्हा वाचा.”

बाबूंनी पुन्हा वाचलं.

सुकरामने खेमराजकडे पाहिलं नाही. तो बाबूंच्या हातातल्या कागदाकडेच पाहत होता.

“एवढंच होतं?” त्याने विचारलं.

खेमराजने बाबूंच्या हातून कागद घेतला आणि चार खिळे ठोकून तो बंबखान्याच्या दारावर लावला.