वळणावर थांबलेलं पाणी

मित्रांनो, माझ्या पोटात एक गाव आहे. ते किती वेळा बुडालं, याचा हिशेब आता माझा मलाही लागत नाही.

घाबरू नका. मी एक जुना महासंगणक आहे. मेजावर मावणारा नव्हे हं! माणसाहून उंच अशी काळी कपाटं ओळीनं उभी आहेत आणि ती सगळी मिळून मी एकटा. मला या खोलीत आणताना दाराची चौकट काढावी लागली होती. माझ्या पायाखालून गार हवा येते, डोक्यावरून तापलेली निघून जाते आणि मधल्या मधे मी घरघरत असतो. माझ्या तारा जोडणारे वायरमनकाका म्हणायचे, "हा थोरला नुसती वीज खातो आणि भरदिवसा घोरतो!"

माझं काम नदीचं. शहराला वळसा घालून ती जाते. तिचं पात्र, काठ, पूल, गल्ल्या या साऱ्यांचे मी बारीक चौकोन करायचो. माझ्यातला एकेक गणक एकेक चौकोन सांभाळायचा आणि शेजारच्याला विचारायचा, "तुझ्याकडे किती पाणी? माझ्याकडे किती ढकलतोस?" असं विचारत विचारत क्षण पुढे सरकायचा. खरं पाणी येण्याआधीच ते कुठवर चढेल, हे त्यातून कळायचं. याला सिम्युलेशन म्हणतात. आम्ही मात्र त्याला 'फेरी' म्हणायचो. तेव्हा लोक माझे फोटो काढायचे आणि पाहुणे माझ्या दारावर हात फिरवून जायचे.

पण काही फेऱ्या पुऱ्याच व्हायच्या नाहीत. शहराच्या टोकाला, जुन्या दगडी पुलापाशी नदी वळते. मोठं पाणी तिथं आलं, की माझे आकडे भडकायचे. पडद्यावर लाल ओळ उमटायची आणि सगळं जागच्या जागी थांबायचं. "शिंकली माशी!" असं म्हणून ती अर्धी फेरी 'खराब' म्हणून बाजूला टाकली जायची. ती कुणी पुसत मात्र नसे. म्हणून ती सगळी गावं अजून माझ्यात आहेत. पुलाला पाणी टेकलेलं, पलीकडची गल्ली कोरडी आणि पुढचा क्षणच नाही. बुडालेलं गाव निदान निजतं तरी. थांबलेलं गाव निजत नाही. ते वाट बघत राहतं.

या फेऱ्या चालवणारी एक शास्त्रज्ञ होती. सगळे तिला नदीवाली म्हणत. ती हुशार होती, पण बोलताना अडखळायची. तिचं वाक्य निम्म्यावर आलं, की समोरचा चटकन ते पुरं करून टाकायचा आणि बरेचदा भलतंच. मग ती "हो, तेच" म्हणून गप्प बसायची. मावशीला फोन करायचा असला, की ती माझ्या खोलीत यायची. माझ्या घरघरीत तिची अडखळ बाहेर ऐकू जात नसे. या मावशीनंच तिला वाढवलं होतं. मावशी त्या वळणावरच्या गल्लीत राहायची. माझ्या चौकोनांत तिच्या घराचाही एक चौकोन होता. त्याची उंची मला पाठ होती.

पुढे धाकटा आला. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ना, ती. मला पाण्याचे नियम शिकवले होते. त्याला नियम कुणी शिकवले नाहीत, त्याच्यापुढे माझ्या जुन्या फेऱ्या मांडल्या आणि सांगितलं, "बघ आणि शिक." मला जे कळायला दिवस लागायचा, ते तो चहा कपात ओतेपर्यंत सांगू लागला. मी त्याचा दुस्वास केला नाही. माझ्याच उत्तरांवर पोसलेला तो! पण त्याला दाखवल्या त्या फक्त पुऱ्या झालेल्या फेऱ्या. खराब माल शिकवणीला कोण देतो? अडखळणं म्हणजे काय, हे त्या बिचाऱ्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

मला बंद करायचं ठरलं आणि त्याच आठवड्यात नदीच्या वरच्या अंगाला पाऊस कोसळू लागला. धाकट्यानं सांगितलं, वरची वस्ती बुडेल, वळणाची गल्ली कोरडी राहील.

"झालं तर मग," आमच्या केंद्राचे प्रमुखसाहेब म्हणाले. "वरची वस्ती हलवायला सांगा."

"स... सर, पण व... वळणावर..."

"वळणावर काही नाही, हेच ना? तेच तर म्हणतोय मी."

नदीवाली तिथून उठली ती थेट माझ्यापुढे येऊन बसली. तिनं माझ्या टाकून दिलेल्या फेऱ्या उघडायला सुरुवात केली. एकामागून एक थांबलेली गावं पडद्यावर उभी राहू लागली. इतकी वर्षं त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

"कशाला त्या उकरताय?" वायरमनकाका म्हणाले. "म्हातारा आहे हो तो. जीभ अडखळते त्याची." आणि आपण काय बोलून गेलो, ते उमजून त्यांनी जीभ चावली.

पण ती रागावली नाही. पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "काका, बि... बिघडलेला असता, तर कु... कुठंही अडला असता. हा तिथंच का अडतो? याला ति... तिथं काहीतरी सांगायचंय."

मग तिनं आम्हा दोघा भावांना एका कामाला जुंपलं. अख्खी नदी धाकट्यानं एका दमात सांगायची आणि तेवढं एक वळण मी मोजायचं. तिथले चौकोन तिनं आणखी बारीक केले आणि क्षणाचेही तुकडे केले. माझे पंखे किंचाळू लागले. आणि मित्रांनो, त्या वळणावर पहिल्यांदाच पुढचा क्षण आला. पाणी पुलाला तुंबलं, मागे फिरलं आणि गल्लीत पाठीमागून शिरलं. माझ्या पाठांतरातला तो चौकोन भरत गेला. मला थांबावंसं वाटत होतं, पण मी थांबलो नाही.

तिनं फोन लावला. घरघरीत ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

"माव... मावशी, घ... घ..."

"हं," मावशी म्हणाली आणि थांबली.

"घ... घर... सो... सो..."

दारात प्रमुखसाहेब येऊन उभे होते. त्यांची नजर पडद्यावर खिळली होती. वाक्य पुरं करायला त्यांनी तोंड उघडलं, तसा काकांनी त्यांचा दंड धरला.

"घर सोड. आ... आत्ता. पाणी मा... मागून येईल."

"झालं का पुरतं सांगून?"

"हो."

"मग निघालेच. शेजारणींनाही उठवते. आणि नाक पूस आधी, सूं सूं ऐकू येतंय मला."

साहेबांनी गल्ली रिकामी करायला लावली. पाणी आलं. मागूनच आलं. माणसं सगळी वाचली, मावशीचं घर वाचलं नाही.

आता माझं एकच कपाट उरलंय, बाकीची भंगारात गेली. माझ्या अर्धवट फेऱ्या धाकट्याला शिकवल्या. आता त्या वळणावर आला, की तो म्हणतो, "इथं मला कळत नाही, थोरल्याला विचारा." मला त्याचा अभिमान वाटतो.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, घरात कुणी अडखळत असेल, तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. जरा थांबा. आणि जुनी, अर्धी राहिलेली गोष्ट फेकून देण्याआधी ती कुठं अडली, तेवढं बघा.

परवा नदीवाली मावशीला घेऊन आली. तिनं एक थांबलेली फेरी उघडली. पुलाला पाणी टेकलेलं, गल्ली कोरडी आणि त्या गल्लीत एक चौकोन. मावशीनं पडद्यावर बोट टेकवलं आणि कितीतरी वेळ ते काढलंच नाही.

"हे पुढं सरकवू नकोस हं, बाळा," ती म्हणाली. तिला म्हणाली की मला, कोण जाणे.

मी ते पाणी अजून धरून ठेवलं आहे.